खेळणाऱ्याच्या हातात

१२ जानेवारी, सोमवार
पतसंस्थेतून सुटून थेट देवळाली कॅम्प. बसमध्ये नाशिकरोडपर्यंत उभीच. नंदूच्या दुकानाचं शटर माझ्याच्याने निम्मंच वर जातं, वाकून आत शिरले. मागच्या खोलीत तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर व्हिडिओ गेम. जुन्या कॅसेटी, डिस्का, हातात धरायचे छोटे, वायरींची भेंडोळी, रिमोटच रिमोट. लष्करातली कुटुंबं बदली झाली की पोरांचे मोडके गेम याच्याकडे टाकून जायची. हा दुरुस्त करायचा, फळीवर लावायचा. वीस-बावीस वर्षं हेच.
जागामालकांनी फेब्रुवारीअखेर खोली मोकळी मागितली आहे. माणूस भला, इतके दिवस थांबला.
आज काहीच उचललं नाही. स्टुलावर बसले, उठले, आले. पन्नाशीही न गाठलेला भाऊ टीव्ही दुरुस्त करता करता खुर्चीतच जातो आणि मागे हे एवढं. रडू येत नाही. नुसतं दमायला होतं.

१४ जानेवारी, संक्रांत
सासरचा सण, म्हणून केला. नंदू गेल्यापासून आई दुकानामागची खोली सोडून आमच्याकडेच. तिने तिळगूळ घेतला नाही. वाटी बाजूला सरकवली आणि विचारलं, "किती गेले?" रोज हेच.
एकदाचं लिहून टाकते. दहाव्याला रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना. चुलतभाऊ म्हणाला, काकूला सांभाळू. नाही. मावशी म्हणाली, लग्न राहिलं ना त्याचं. आता त्याला कोण काय करणार? ऊन चढलं. गुरुजींना पुढचं दहावं होतं, ते घड्याळ बघत होते. मी वैतागून म्हणाले, "नंद्या, तुझे गेम भंगारात घालणार नाही. खेळणाऱ्याच्याच हातात देईन, एकेक करून." आणि कावळा आला.
माझा विश्वास आहे का? माहीत नाही. भूक लागली असेल कावळ्याला. पण आईचा आहे. सगळे गेम गेले की नंदू सुटला, असं तिने मनात घेतलंय. तोवर तो तिथेच घाटावर ताटकळतोय. ऐंशीच्या पुढच्या बाईला काय समजावणार.
ते "एकेक करून" कशाला बोलले मी. "सगळे" म्हणाले असते तर एका टेम्पोत काम झालं असतं.

१८ जाने., रवि.
गुरुजींकडे गेले. पंचवटीतच, भाजीबाजाराच्या मागे. पोरसवदा आहेत, तिशीही नसेल. विचारलं, शब्द जरा सैल करता येईल का? सगळं एखाद्या वसतिगृहाला देऊन टाकते.
"ताई, शब्द तुमचा. मी नुसता साक्षीला होतो. पण एकेक म्हणालात, ते मी ऐकलंय."
म्हटलं, संपलं. उठायला लागले तर हळूच, "मशीन कुठलं आहे? आणि फुटबॉल आहे का त्यात?"
बघतच राहिले. सोवळ्यात बसलेला माणूस. संध्याकाळची आन्हिकं उरकली की थोडा वेळ खेळतात म्हणे, आईच्या चोरून. दुपारी कॅम्पात आले, रिमोट हातात घेऊन बघितला आणि फुटबॉलचा गेम घेऊन गेले.
यांना घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "दक्षिणेत फुटबॉल. बघून घे, अजून काय काय मागतात." बऱ्याच दिवसांनी हसले हे. मीपण.
आईला सांगितलं, पहिला गेला. कोणाकडे गेला ते ऐकून तिने हात जोडले.

२४ जाने.
सोसायटीच्या ग्रुपवर आणि नंदूच्या फोनमधल्या नंबरांना निरोप टाकला होता. जुने गेम द्यायचे आहेत, पैसे नकोत, खेळणारा हवा. फोनवर फोन. पतसंस्थेत काउंटरवर माणसं खोळंबलेली आणि इकडे हा.
थोडे गेम घरी आणून ठेवलेत, ते बघायला संध्याकाळी एक मुलगा आला, मोटारीतून. गोड बोलणं, काकू काकू. खोकं आहे का, बिल आहे का, सील उघडलंय का. कुठला गेम आवडतो विचारलं तर म्हणाला, सगळेच. मी नुसता एक रिमोट त्याच्या हातात दिला. त्याने पहिल्यांदा उलटा केला आणि मागचा नंबर वाचला. खेळणारा असा धरत नाही. गुरुजींनी कसा धरला होता ते पाहिलंय मी, अंगठे आपसूक जागेवर गेले होते. याला विकायचेत. चहा पाजून वाटेला लावलं.
हे चिडले. "घराची रद्दी झालीय. नेतोय तर नेऊ दे ना. शब्द काय कोर्टात दिलायस?"
"घाटावर दिलाय."
यांनी पेपर उघडला.

२७ जाने.
कॅम्पात. एका हवालदाराची बायको आली, पहाडाकडची. नवरा सीमेवर, ही एकटी. छोटा हातातला नेला, ठोकळे रचायचा. मी विचारलं, मुलांसाठी का? "नहीं दीदी, मेरे लिए. नींद नहीं आती." आणखी एक मागितला असता तर दिला असता. पण तिने एकच मागितला.

१ फेब्रु., रवि.
जुन्या कॅसेटींचं काय करायचं हे कोडंच होतं. त्या नव्या टीव्हीला लागत नाहीत. ज्याला त्याला हौस, पण जुना टीव्ही कोणाकडे नाही.
आज चांदवडहून भाऊसाहेब आले, मोटरसायकलवर, मागे कांद्याची गोणी. चाळिशीतला माणूस. दुकानात पाऊल टाकताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. मग बराच वेळ फळ्यांकडे बघत उभे.
"ताई, मी हितं आयटीआयला होतो. बस चुकली का नंदूदादाकडं बसायचो. लय खेळलोय. घरी भांडून आलो व्हतो एकदा, तवा दोन दिस हितंच झोपलो. त्यांनी काय इचारलं नाय. नुसता रिमोट दिला हातात."
टीव्ही आहे का विचारलं.
"जुना डबा हाय ना. कांदाचाळीत ठेवलाय. राखणीला जातो तवा तेवढाच इरंगुळा. फेकला नाय, बायको लय मागं लागली तरी."
एकेक देते म्हणाले. त्यांना शब्दाचं सांगितलं. हसले नाहीत. "बरोबर हाय," म्हणाले आणि प्रत्येक कॅसेट माझ्या हातातून वेगळी घेतली, कपाळाला लावून पिशवीत. तासभर चाललं. माझी पाठ गेली. पण हा माणूस मला नंदूबद्दल जे सांगून गेला ते मला ठाऊक नव्हतं. तो कोणाला काही विचारायचा नाही, हे खरं. मलाही कधी विचारलं नाही. मला वाटायचं त्याला सुचतच नाही.
निघताना गोणी उतरवून ठेवली. नको म्हणायला त्राण नव्हतं.

८ फेब्रु.
फळ्या निम्म्याहून जास्त रिकाम्या. एकेक जातो तसं हलकं वाटायला हवं. नाही वाटत. धुळीतल्या चौकोनी खुणा तेवढ्या उरल्यात.
आई आजकाल नीट जेवते. "आता थोडेच ना?" म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडत चाललाय आणि माझा... असो. मार्चअखेरची कामं सुरू झाली. झोप.

१५ फेब्रु., महाशिवरात्र
इकडे सगळीकडे गर्दी, रस्ते बंद. कॅम्पात पोचायलाच दुपार. शेवटचे चार जणांना दिले. खोली झाडली. उरलं फक्त काळं मशीन, नंदूच्या टीव्हीखालचं. हे दुरुस्तीला आलेलं नव्हतं, त्याने स्वतःसाठी घेतलेलं. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम. रात्री जेवून झालं की तो हेच लावायचा, आई शेजारी माळ ओढत बसायची.
बसमध्ये मांडीवर घेऊन आले. शेजारची बाई म्हणाली, "नवीन घेतलं?" हो म्हणाले.
याला माणूस ठरलाय. ऋतुजा, अंबडची, नर्सिंगला आहे. फोनवर म्हणाली होती, "काकू, मैत्रिणीकडे खेळते, तिचं खेळून होईपर्यंत थांबावं लागतं. आपलं स्वतःचं कधी नव्हतं." यापेक्षा खरा खेळणारा कुठून आणू?

२२ फेब्रु., रवि.
आली वडिलांबरोबर, स्कूटरवर. घरून पिशवी आणली होती, आत जुनी चादर, मशीनला धक्का लागू नये म्हणून. वडील कंपनीत आहेत, बोलले कमी, चपला बाहेर सरळ लावून ठेवल्या.
मशीन आतल्या खोलीत पलंगावर. उठले आणायला. दारापर्यंत गेले. परत आले आणि म्हणाले, "अगं, सांगायचं राहिलं. कालच दिलं ते दुसऱ्याला."
तोंडातून निघून गेलं. पोरीने चादरीची घडी पुन्हा नीट केली. "असू दे काकू. तुम्ही बोलावलंत तेच खूप." वडिलांनी चहा अर्धा ठेवला.
मला ते देववत नाही. बस. बाकी सगळं दिलं ना मी? नंदू माझाही होता. हे विचारत होते, काय झालं. काही नाही म्हणाले.

२३ फेब्रु.
आईला ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं. सकाळी म्हणाली, "गेलं म्हणालीस त्यांना. पलंगावर आहे की."
"राहू दे ना एक माझ्याजवळ."
"तू खेळतेस का?"
मी उगाच पलंगावरची चादर सारखी केली.
"मग तो अडकला," आई म्हणाली. "एवढ्यासाठी अडकवलंस त्याला." चिडून नाही. अगदी हळू. दुपारी जेवली नाही. रात्रीही दूधच.
तिच्यावर राग आला, स्वतःवर आला, कावळ्यावर सगळ्यात जास्त. मी मेले तर माझ्या पिंडाला कोणी काही बोलू नका, असं यांना सांगून ठेवलं. हे म्हणाले, "तुझं दहावं आटपायला आख्खा दिवस लागेल." हसायला आलं नाही.

२५ फेब्रु.
ऋतुजाला फोन केला. तीनदा कापला, चौथ्यांदा लागू दिला. खरं सांगितलं. आहे माझ्याकडेच. देववत नाही. पण शब्द असा असा आहे. तर मला खेळायला शिकवशील का?
ती म्हणाली, "येते काकू. रविवारी. पण आधी मी थोडा वेळ खेळणार."
खेळ म्हणाले, वाटेल तेवढं.
आईने संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली. यांनी मशीन टीव्हीला जोडून ठेवलंय, वायरी भिंतीच्या कडेने नीट चिकटवून.

१ मार्च, रवि.
काल कॅम्पातल्या खोलीची किल्ली दिली. मालकांनी भिंतीवर हात फिरवला, "मुलगा चांगला होता" म्हणाले. मी लवकर निघाले.
ऋतुजा दुपारी आली. एकटीच, बसने. मशीन सुरू केलं की पडद्यावर नावं येतात, कोण खेळणार ते निवडायला. एक नंदूचं. शेजारी एक रिकामं, पाहुण्यासाठी.
"दादांच्या नावाने लावू का, काकू? की तुमचं नवीन नाव टाकू?"
आई खुर्चीत, माळ हातात, माझ्याकडे बघत. नंदूच्या नावाला हात लावायची हिंमत होईना. माझं घालावं, तर मग ते माझंच झालं.
"पाहुणा लाव," म्हणाले.
आधी ती खेळली. खेळताना जीभ दातात धरते. गाडी सरळ रेषेत जावी तशी वळणांतून जात होती. हे तिचं आहे, मी नुसती अडवून बसले आहे.
मग मी. सुरुवातीलाच भिंतीला. मागे घ्यायला गेले तर पुन्हा भिंतीला. रिमोट घामाने ओला. ऋतुजा माझे अंगठे धरून जागेवर ठेवायची, ते आपले निसटायचे. बाकीच्या गाड्या कधीच पुढे गेलेल्या, मी रस्त्यात आडवी.
आई तिला विचारते, "याला खेळणं म्हणायचं का गं?"
पोरगी खोटं बोलली नाही. "अजून नाही, आजी."
आईने मान हलवली आणि माळ पुन्हा सुरू केली.
निघायच्या वेळी ऋतुजा दाराशी चपला घालत होती. पिशवी नव्हती आणली, पण माझ्याकडे पिशव्या आहेत. तिला देऊन टाकावं म्हणून वायर काढायला मी वाकलेसुद्धा. काढली नाही.