एंडोस्कोपीआधी तुला सांगायचं ते

प्रिय छोट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकशील, असं वाटत होतं. उघडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. हे खुशालीचं पत्र नाही. तुझी खुशाली विचारणं मी बाबा गेले तेव्हाच सोडलं, आणि तुलाही त्याने काही फरक पडला नसावा.

माझी एंडोस्कोपी झाली. तोंडातून नळी घालून पोट आतून बघतात, ती. बरेच दिवस चार घास खाल्ले की पोट तट्ट भरायचं. ड्रायव्हिंग शिकवायला गाडीत बसले की सीटबेल्ट पोटावर नकोसा व्हायचा. तुला ठाऊकच आहे, मी शेजारच्या सीटवर बसते आणि माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मी दाबते. एका बाईला गाडी मागे घ्यायला शिकवताना पोटात अशी कळ आली, की मी कारण नसताना ब्रेक दाबला आणि ती बिचारी मलाच सॉरी म्हणाली. त्या संध्याकाळी डॉक्टर गाठले.

आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोट रिकामं ठेवायचं असतं. अन्न राहिलं तर नीट दिसत नाही, आणि उलटून श्वासनलिकेत गेलं तर जिवाशी खेळ. सकाळचा चहासुद्धा चालत नाही. हे मी तुला सांगावं, म्हणजे कमालच आहे, नाही का? बाबांची तपासणी ठरली होती, त्या सकाळी मी गाडी दारात लावून आत आले, तर बाबा टेबलाशी बसून चहात टोस्ट बुडवत होते आणि तू त्यांच्या कपात आणखी चहा ओतत होतास. ‘म्हातारा माणूस उपाशी किती वेळ बसवायचा, ताई? पित्त आहे नुसतं. तुला दवाखान्यांची हौस,’ असं म्हणालास. बाबा माझ्याकडे बघून हसले. शाळा बुडवायला मिळालेल्या मुलासारखे हसले रे. नळीची त्यांना भीती वाटत होती, आणि तू ती भीती घालवली नाहीस, तिला पाट मांडलास. तारीख हुकली. पुढच्या तारखेला मी न्यायला आले, तर तू त्यांना केस कापायला धाडलं होतंस. त्यानंतर तपासणी झाली ती रक्ताची उलटी झाल्यावर, आणि तेव्हा डॉक्टरांकडे सांगण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

असो. तपासणीच्या खोलीबद्दल सांगते. खोली लहान होती, खाटेच्या डोक्याशी एक पडदा, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. नर्सने आधी विचारलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, साखरेच्या आहेत का, कशाची ॲलर्जी, दात खरे की कवळी. खरं ते सांगायचं. तिथे लाजून कोणाचं भलं होत नाही. मग म्हणाली, गुंगीचं इंजेक्शन घ्यायचं असेल तर घरी न्यायला कोणी हवं, त्या दिवशी गाडी चालवता येणार नाही. सोबत कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. शेजारीण आली असती, पण सख्खा भाऊ याच शहरात असताना मी शेजारणीपुढे तोंड वेंगाडू? म्हणून मी गुंगी घेतली नाही. हा तोरा होता, मला कळतं. तू असला मूर्खपणा करू नकोस.

घशात कडू फवारा मारतात. घसा लाकडासारखा होतो, गिळता येत नाही असं वाटतं, पण गिळता येतं. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये एक प्लास्टिकची कडी देतात. नळी जिभेच्या मागे पोचली, की अंग तिला बाहेर ढकलू पाहतं. ओकाऱ्या येतात, डोळ्यांतून पाणी येतं, लाळ गालावरून उशीवर जाते. ती पुसायची नाही, गिळायचीही नाही, वाहू द्यायची. आत हवा भरतात, म्हणून मोठमोठे ढेकर येतात. मला तर लाजच वाटली. डॉक्टर म्हणाले, येऊ द्या. माझा पाय सारखा काहीतरी दाबत होता. नर्सने गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, पायात गोळा आलाय का? तोंडात नळी असताना काय सांगणार, की मी ब्रेक शोधतेय?

पण गुदमरत मात्र नाही. हे नीट ऐक, कारण बाबांना त्याचीच भीती होती. श्वासाची वाट वेगळी असते. नाकाने संथ श्वास घेत राहिलं की निभावतं. आतून छोटे तुकडे काढले, तेही मला कळलं नाही. फार वेळ लागला नाही. उठून बसले आणि मला एकदम राग आला. एवढंच होतं? एवढ्यासाठी तू माझ्या बापाला माझ्यापासून लपवलंस? आणि वर सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरलास, ताईने नळी घालायला लावली आणि बाबा खचले.

नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीही प्यायचं नाही. एखादा दिवस घसा दुखतो, पोट फुगतं. पण पोटात जोराची कळ, ताप, रक्ताची उलटी किंवा काळी शी, यातलं काही झालं तर फोन करत न बसता सरळ दवाखान्यात जायचं.

तुकड्यांचा रिपोर्ट आला. बाबांना होतं तेच मला आहे, पोटाचा कॅन्सर. लवकर सापडलंय, ऑपरेशन होईल, बरी होण्याची आशा आहे म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, सख्खं भावंड आहे का? मी नाही म्हटलं. अगदी सहज म्हटलं, जीभ अडखळलीसुद्धा नाही. जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हटलं, एक भाऊ आहे. ते म्हणाले, वडिलांना होतं, तुम्हाला आहे, तर त्यांनी त्रास नसला तरी तपासून घ्यावं. आणि आत्या सांगते, तू हल्ली अर्धं ताट ठेवून उठतोस, पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलंस, आणि विचारलं की पित्त आहे म्हणतोस. म्हणून हे लिहिलं. मी तुला माफ केलेलं नाही आणि ऑपरेशनच्या वेळी तू समोर नको आहेस. मला उत्तरही नको. तपासणी झाली की आत्याला सांग, ती मला सांगेल. माझ्यावरच्या रागापायी हे टाळू नकोस, छोट्या. राग नंतरही धरता येईल. मीही धरणार आहे, दोघं म्हातारे होईपर्यंत.

तुझीच,
ताई