संध्याकाळी परत येणारे

नागपूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. लतिकाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलेल्या बाईला फोन पटत नाही, म्हणून हा टपालाच्या शिक्क्याचा कागद.

आमच्या कार्यालयात नागपूर महानगराची नवी हद्द आखणं चाललंय. गावातल्या शंभर कमावत्या माणसांपैकी पंधरा जण रोज सकाळी शहरात कामाला जाऊन संध्याकाळी घरी परतत असतील, तर ते गाव महानगरात घ्यायचं. बुटीबोरीकडची गावं केव्हाच आत आली. आपलं खैरडोह अगदी काठावर आहे. माझी सहकारी नूपुर मोजणीला येईल. तिला चहा दे, माझ्या लहानपणच्या गोष्टी नको.

संध्याकाळी भिंतीवरच्या नकाशावर तिरपं ऊन येतं आणि काटोलकडची गावं पाण्याखाली गेल्यासारखी दिसतात. मी उगीच आपल्या गावावर बोट ठेवून बसते.

तुझ्या हाताखाली वाढलेली,
गार्गी

खैरडोह
१२ फेब्रुवारी

चि. गार्गीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नूपुर येऊन गेली. गोड मुलगी, पण खाते चिमणीएवढं. गाव आत आलं तर शहराची बस थेट इथवर येईल, असं ती म्हणाली. शेजारच्या महादेवरावांनी तर थांब्याची जागाही ठरवली.

संत्र्याला आंबिया बहार आलाय. त्या वासाने दुपारी अंगणातच डोळा लागतो. स्वप्नात तुझी ती हद्दीची रेघ बागेमागून हळूहळू येते, कुणालाही न उठवता. मागून बस येते आणि तू उतरतेस, हातात रिकामा डबा.

नोकरी लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत तू सणाला आलीस, माझ्या आजारपणात आलीस. साध्या मंगळवारी कधी आली नाहीस. मला तो साधा मंगळवार हवा आहे.

आशीर्वाद आहेतच, तू वेळेवर जेवत जा.
आत्या

नागपूर
२५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. खैरडोहचे शंभरात एकोणीस जण रोज परत येतात, असं निघालं. मी हरखले. मग नावं वाचली. महादेवरावांचा मोहित आठ वर्षं इतवारीत कापडाच्या दुकानात आहे, राहतोही तिथेच. शोभाताईंची मिनल तशीच, आणखीही कितीतरी. आणि तुझ्या घरच्या नोंदीत मी: सकाळी जाते, संध्याकाळी परत येते.

महादेवरावांनी नूपुरला बजावलं म्हणे की पोरगं गेलं असं काहून लिहायचं, नागपूरले गेलं हाय, येऊन राहिलं संध्याकाळी. आपल्याकडे निघणारा ‘येतो’ असं म्हणूनच निघतो, आणि मागे राहिलेले तो ‘गेला’ असं कधी म्हणत नाहीत. मला हे आधीच आठवायला हवं होतं.

खरं लिहिलं तर शंभरात नऊच उरतात. गाव बाहेर, तुझी बसही गेली. माझ्याच्याने तुझी नोंद खोडवत नाही. तूच सांग.

तुझी,
गार्गी

खैरडोह
४ मार्च

चि. गार्गीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोड. चुकीच्या पत्त्याचं पत्र मी कधी ठेवून घेतलं नाही, अक्षर कितीही ओळखीचं असो. खोटं बोलायचं मनात नव्हतं. नूपुरने विचारलं आणि तोंडून दुसरं काही निघेना. संध्याकाळी भाताला तांदूळ घेताना अजूनही एक मूठ जास्त पडते, तसंच ते झालं.

महादेवराव दोन दिवस रुसतील, मी बघते. बहर गळून वाटाण्याएवढी फळं धरली आहेत.

रेघ कुठेही पडो, माझी माया तुझ्या दारापर्यंत पोचते.
आत्या

नागपूर
१० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी नोंद मीच खोडली. खैरडोह रेघेबाहेर राहिलं.

मग एसटीचं वेळापत्रक पाहिलं. संध्याकाळच्या गाड्या अकरा वर्षांत कधी पाहिल्याच नव्हत्या. काटोलची पावणेसहाची गाडी सव्वासातला आपल्या फाट्यावर सोडते आणि सकाळी सातची गाडी मला वेळेत कचेरीत आणते. महादेवरावांना फाट्यावर स्कूटर घेऊन उभं राहायला सांग, म्हणजे रुसवाही जाईल.

अठरा तारखेला मंगळवार आहे. कॅलेंडर नीट पाहिलं, कसलाही सण नाही. ती जास्तीची मूठ पडू दे.

येते.
गार्गी