मेलेल्या अर्थाचं कार्ड

धाकट्या,

तुला कुठे ठेवलंय, ते पोलिसांचे साहेब सांगत नाहीत. "भाऊ सुखरूप आहे," म्हणतात, तेही खिडकीबाहेर बघत.

तू लपला होतास तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून मीच लिहिलं होतं, "शरण ये. शब्द वाईट नाही रे. आमच्या कोशात त्याचा मूळ अर्थ दिलाय: घर, आसरा." 'दादा आणि त्याचा कोश!' म्हणून हसला असशील. पण आलास.

एक गोष्ट मी तेव्हा गिळली. कोशाच्या कचेरीत आम्ही प्रत्येक अर्थाच्या कार्डावर लोकांच्या वापरातलं वाक्य तारखेसह टिपतो. 'शरण'च्या 'घर' या अर्थाच्या कार्डावरचं शेवटचं वाक्य शेकडो वर्षांपूर्वीचं आहे. असा अर्थ आम्ही मेलेला धरतो. ते कार्ड माझ्याच खणात होतं.

आता साहेब माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसलेत. "तुमचं पत्र फार गुणाचं निघालं," म्हणाले. "त्याची बायको अजून सापडत नाही. तिलाही लिहा. तोच शब्द, तोच अर्थ."

मी मान डोलावली आणि तुला लिहायला घेतलं. त्यांना वाटतंय, तिलाच लिहितोय. संपलं की वाचायला मागतील, म्हणून मी सावकाश लिहितोय.

तुझा,
दादा