त्रेचाळिसावा मुद्दा

रविवार, ९ मार्च. सायंकाळी ६

आज जे झालं ते क्रमाने:

१. सकाळी दहाला मरीनावर, खासगी बोटींच्या धक्क्यावर, पहिली जुनी बोट पाहिली. स्पोर्ट्स क्रूझर. छोटी, वेगवान, पोटात दोघांना झोपता येईल एवढी केबिन.
२. पाहायला आम्ही चौघं. बेडोकला राहणारे उत्तमदादा आणि त्यांच्या पत्नी सरिताताई, उत्तमदादांचा धाकटा भाऊ उज्ज्वल आणि मी. बोट चौघांत घ्यायची आहे.
३. केबिनमध्ये गादीखाली काळी बुरशी. सिंकमध्ये कोणाचे तरी केस. टॉयलेटचं झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं.
४. बोट धक्क्याला बांधलेलीच होती. शेजारून एक फेरीबोट गेली. तिच्या लाटेने आमची बोट हलली.
५. मी उलटी केली.

पाचव्याचं कारण तिसरं आहे. चौथ्याचा संबंध नाही. मला गाडी लागत नाही, बोटही लागत नाही.

सरिताताईंनी पर्समधून आलेपाकाची वडी काढून पुढे केली, एसटीत आया मुलांना देतात तशी. घेतली नाही. आल्याबद्दलचा पुरावा मिश्र आहे.

निवडीचं काम माझ्याकडे. द्रव कसे वाहतात यावर माझी पीएचडी आहे आणि बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये मी दिवसभर लाटांचीच गणितं करते. तपासणीचा तक्ता तयार आहे. बेचाळीस मुद्दे, प्रत्येकी पाच गुण. उज्ज्वलचा मुद्दा एकच: स्पीकर किती मोठे.

पहिली बोट बाद. माणसं इतकी घाण करून वस्तू विकायला काढतात कशी?

मंगळवार, ११ मार्च

निर्णय. बोट मीच चालवणार. लायसन्सच्या लेखी परीक्षेचं पुस्तक आणलं. बुद्धपौर्णिमेला, १२ मे रोजी, सुट्टी आहे. त्या दिवशी सगळ्यांना मी बेटावर नेणार. वेळापत्रक केलं आहे, भरती-ओहोटीसकट.

रविवार, २३ मार्च

बेडोक, उत्तमदादांचं घर. माझ्या वुडलँड्सहून MRT मेट्रोने जायला तासाच्या वर लागतो. मी बुद्धवंदनेसाठी जाते. वंदना दहा मिनिटांची. मग जेवण, मग भांडी, पत्ते, चहा. निघेपर्यंत सात वाजतात. भांडी मी घासते, म्हणून थांबावं लागतं.

आठवड्यात मराठी बोलायचा हा एकच दिवस. हे फक्त नोंदीसाठी.

उत्तमदादा म्हणाले, बोट आली की रविवार पाण्यावरच. वंदनाही तिथेच. सरिताताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, छान कल्पना.

रविवार, ३० मार्च

दुसरी बोट. ब्रोकर अंकल साठीचे, पायात स्लिपर. प्रत्येक दोषावर त्यांचं एकच म्हणणं: ओल्ड बोट लाइक दॅट, लाह. जुनी बोट अशीच असते. धूर दाखवला. ते म्हणाले, धूर नाही, वाफ. इंजिनाखाली तेल आणि पाणी मिळून करड्या रंगाचा रस्सा झाला होता. त्यात एक मेलेलं झुरळ. अंकल म्हणाले, फ्री.

मग चाचणीसाठी बाहेर नेली. उलट्या: दोन. कारण: धूर. बाकी तिघांना काही झालं नाही, कारण ते वाऱ्याच्या बाजूला उभे होते. (उज्ज्वल माझ्या शेजारीच होता. त्याची वास घेण्याची क्षमता कमी असावी.)

दुसरी उलटी तक्त्यावर झाली. मुद्दे ११ ते १९ आता वाचता येत नाहीत. उज्ज्वलने विचारलं, ह्याला पाचपैकी किती?

बोट बाद.

शनिवार, १२ एप्रिल

लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी.

प्रात्यक्षिक पुढे ढकललं. प्रशिक्षक सांगत होते, क्षितिजाकडे बघ. मी बादलीकडे बघत होते. बादली आधी कोणीतरी मासळीसाठी वापरलेली. स्टीअरिंग हातात असण्याचा एकूण वेळ: चार मिनिटं. सकाळी लाक्सा, नारळाच्या तिखट रश्शातल्या नूडल्स, खाल्ला होता. यापुढे लाक्सा बंद.

रविवार, २० एप्रिल

तिसरी बोट. स्वच्छ. टॉयलेटसुद्धा. बेचाळीसपैकी एकेचाळीस मुद्द्यांवर पूर्ण गुण. मला संशय आला.

काल दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. आत काही नसेल तर बाहेर काही येणार नाही, हे साधं वस्तुमानाचं गणित. समुद्र शांत होता. विसाव्या मिनिटाला आलं. हिरवं.

किनाऱ्यावर मी म्हटलं, ही बोट घेण्यासारखी नाही, हेलकाव्याचा कालावधी सदोष आहे.

सरिताताईंनी माझं तोंड रुमालाने पुसलं. म्हणाल्या, "एकता, तुला बोट लागते गं. बोटीत काही दोष नाही."

मी म्हटलं, "ताई, तो आकड्यांचा प्रश्न आहे."

त्यांनी आलेपाक दिला. दोन वड्या खाल्ल्या, साखरेसाठी.

शुक्रवार, २ मे

उत्तमदादांचा फोन. तिसरी बोट तिघं मिळून घेत आहेत. उद्या ताबा. म्हणाले, राग मानू नकोस, पण दर वेळी तुझे हाल बघवत नाहीत. तू संध्याकाळी जेवायला येत जा, आम्ही परतलो की.

मी म्हटलं, बरं झालं, माझा रविवार मोकळा होईल. वाचन बरंच साचलं आहे.

रविवार, ४ मे

सवयीने बेडोकला गेले. कुलूप. हे अपेक्षित होतं. तरी बेल वाजवली. दोनदा. शेजारच्या आंटीने सांगितलं, ऑल गो सी, लाह, म्हणजे सगळे समुद्रावर. तिच्या चेहऱ्यावर दया होती. मला तो प्रकार आवडत नाही.

खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर, फिशबॉल नूडल्स. टेबल चिकट. आधीच्या माणसाची हाडं तशीच. परत वुडलँड्स. दिवसभरात मराठीत बोललेले शब्द: शून्य. वाचलेली पानं: शून्य.

चारला उज्ज्वलने फोटो पाठवला. माझा तक्ता, डाग पडलेलाच, प्लास्टिकमध्ये घालून स्टीअरिंगशेजारी चिकटवला आहे. खाली लिहिलं होतं, मुद्दा १७ काय होता, वाचता येत नाही.

मुद्दा १७: बसायच्या जागा.

मंगळवार, ६ मे

रजा घेतली. लिटिल इंडियातून आलेपाक. चांगीहून पुलाव उबिन बेटाची फेरीबोट, दहा-बारा मिनिटांची. निघण्याआधी दोन वड्या. शेजारी एका कुटुंबाने सुके मासे उघडले. लाज नसलेली माणसं.

जाताना उलट्या: एक. येताना: एक, पण धक्क्यावर उतरल्यानंतर. सुधारणा आहे. नमुना लहान आहे.

बुधवार, ७ मे. सकाळी ७.४०

सरिताताईंना पाठवलेला मेसेज. प्रत ठेवत आहे.

सरिताताई,
मला बोट लागते. तक्त्यात हा त्रेचाळिसावा मुद्दा घातला आहे, पाचपैकी शून्य. तिसऱ्या बोटीत दोष नव्हता. चालवायला मला मागणार नाही. मागच्या बाजूला, बादलीजवळ एक जागा पुरे. बादली माझी आणीन. परत आल्यावर भांडी घासायला मी आहेच.
सोमवारी बुद्धपौर्णिमेला तुमच्याबरोबर बोटीवर येऊ का? कृपया शनिवार, १० मेपर्यंत कळवा.
एकता