कोपऱ्यातली कात्री

शुगर लँड, रविवार

अनीश,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं.

आज थीसिसचा शेवटचा चॅप्टर लिहीत होते. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन वारला, तेव्हा एका खाणकामगाराने ग्लॅडस्टनच्या बायकोला पाठवलेलं पत्र आज मी पहिल्यांदा नीट वाचलं. आर्काइव्हमधून स्कॅन मी आणला होता, टाइप तू करून दिलं होतंस, लग्नाच्या आधीच. म्हाताऱ्याला झाडं तोडायचा नाद होता, म्हणून कामगार लिहितो, 'त्यांची कुऱ्हाड कोपऱ्यात उभी असेल. ती हलवू नका, तिला वाट बघू दे.'

बाबा गेले म्हणून मी नागपूरला होते, तेव्हा तू लिहिलंस, 'काकांची बागेतली कात्री कोपऱ्यात असेल. ती हलवू नकोस, तिला वाट बघू दे.'

यार, आमची कसली बाग? तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तुळस आणि तीन कुंड्या! तरी वाटलं, केवढं बारीक लक्ष आहे याचं. त्या पत्रावर मी लग्नाला हो म्हटलं. शब्द सुचत नव्हते, तर तसं लिहायचंस.

तू आत्ता खाली शीळ घालत गाडी धुतोयस. हे पत्र मी तुला देणार नाही. दिलं तर भांडण होईल आणि ते आईपर्यंत जाईल. तुझं पत्र मी तिलाही वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून बाबांची कात्री गॅलरीच्या कोपऱ्यात आहे. चार वर्षं झाली, केर काढतानाही आई तिला कुणाला हात लावू देत नाही.

"अनीशने सांगितलंय," म्हणते.

रेणू