दाढेतून आलेला संदेश

ती. स्व. दाजींना,

कमरेत उसण भरल्यामुळे उभ्याउभ्याच केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? ताईला सांगा, तिने पाठवलेला स्वेटर अगदी बरोबर बसला. (हिला. माझ्या डोक्यातून खाली उतरला नाही.)

लिहिण्यास कारण, तुम्ही स्वतःच्या हातांनी बनवून दिलेला तो छोटा अँटेना आणि माझ्या कार्डांच्या भरवशावर त्याच्याविषयी शनिवारी हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात तुम्ही वाचणार असलेला निबंध. दर रविवारी दहाला तुम्ही तिकडून १३६ किलोहर्ट्झवर आपलं सांकेतिक नाव संथ मोर्समध्ये पाठवायचं, मी ते इथे टिपायचं आणि सोमवारी कार्ड टाकायचं, असं आपलं ठरलं होतं. लाट दोन किलोमीटर लांब आणि ती धरायला काड्यापेटीएवढा पत्रा नि त्याच्या बुडाशी अ‍ॅम्प्लिफायर. चिमट्याने हत्ती उचलण्यातला प्रकार वाटला, पण सांगणारे तुम्ही, म्हणून मी मान डोलावली. मेहुण्याच्या मानेला दुसरं काम काय असतं?

अँटेना झोपायच्या खोलीच्या खिडकीत लावला. नुसती गुणगुण. मग घरातलं एकेक बंद करत गेलो: ट्यूब, चार्जर, शेवटी फ्रिज. (तो परत चालू करायचा राहिला. त्यावर घरात दोन दिवस जे प्रसारण झालं, ते ऐकायला अँटेना लागला नाही.) पण गुणगुण ओसरली आणि रेडिओला जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघा उमटल्या. तीन सेकंदांचा ठिपका, दहा सेकंदांची रेघ, जरा प्रेमाने पाहिलं तर चक्क तुमचं नाव. मी लगेच कार्ड टाकलं, 'स्पष्ट ऐकू आलात'. अशी नऊ कार्डं टाकली. दहाव्या रविवारी पडदा कोरा राहिला, तेव्हा 'हवामान खराब' असं लिहून वेळ मारून नेली.

त्यानंतरच्या मंगळवारी माझी दाढ ठणकायला लागली म्हणून खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. नोकरदारांच्या सोयीसाठी ते रविवारीही दवाखाना उघडतात, फक्त त्या दहाव्या रविवारी पुतणीच्या लग्नाला गेले होते. त्यांनी पायाखालचं पेडल दाबलं. घुर्र. थांबले. घुर्रर्रर्र. माझं तोंड उघडं होतं, आत त्यांचा हात होता, नाहीतर तिथल्या तिथे तुमची माफी मागितली असती. दाजी, नऊ रविवार मी ज्याला तुमचं नाव समजत होतो, ते लोकांच्या किडक्या दातांचं काम होतं.

यात तुमच्या अँटेनाचा काही दोष नाही. घरातला गोंगाट केबलवरून चढून त्याच्या कानात जात होता. म्हणून तो परसात कपड्यांच्या दोरीपलीकडे खांबावर चढवला आणि त्याला वेगळं अर्थिंग दिलं. (उसण तिथली.) परवाच्या रविवारी खाली ड्रिल जोरात चालू होतं, तरी पडदा स्वच्छ. कुठल्या कुठल्या देशांची वेळ सांगणारी केंद्रं लागली. दहा ते बारा मी जागचा हललो नाही. फक्त तुम्ही आला नाहीत. मला फार लाज वाटली. निबंधातून माझी कार्डं काढून टाका, एवढंच मागणं.

तुमचा मेहुणा

ता.क. पाकीट चिकटवलं आणि ताईचा फोन आला. तुमचं प्रक्षेपण यंत्र म्हणे पहिल्याच रविवारी जळालं, ते अजून तसंच पडलंय. तुम्ही कळवणार होतात, तेवढ्यात माझं पहिलं कार्ड आलं. 'बिचारा एवढा खूश आहे, कशाला हिरमोड करा,' असं तुम्ही म्हणालात. मग ताईनेच कौतुकाने कार्डं क्लबाच्या अध्यक्षांना दाखवली आणि निबंध तुमच्या गळ्यात पडला. पाकीट फोडून हे लिहितोय.

ता.ता.क. तर मागणं बदलतो. माझं ऐकणं मी मागे घेतो, तुम्ही तुमचं पाठवणं घ्या, आणि शनिवारी घसा बसू द्या. मग ते यंत्र दुरुस्त करा आणि रविवारी दहाला एकच अक्षर पाठवा. मी परसात खुर्ची टाकून बसेन. अँटेना फार चांगला झालाय, दाजी. हे मी प्रत्येक कार्डात लिहिलंय, पण या वेळी ते खरं आहे.