पायरीखाली उभे राहिलेले सातजण

डॉक्टरसाहेब,

गेल्या महिन्यात इस्पितळातल्या एका डॉक्टरनं माझ्या घशातून कॅमेरा खाली सोडला. करंगळीएवढी नळी, तिच्या टोकाला दिवा, आणि शेजारच्या पडद्यावर माझं स्वतःचं जठर, गुलाबी, ओलं, चकाकणारं. आपण दोघांनी इतकी पोटं उघडून पाहिली, पण स्वतःचं बघायची वेळ ऐंशीच्या पुढं आली. तो डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. म्हणाला, आजी, छोटा अल्सर आहे, दीड महिना गोळी घ्या, भरून येईल. मी विचारलं, आणि फुटला तर? तो हसला. म्हणाला, आता फार कमी फुटतात, आणि फुटलाच तर चार बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून शिवतो, आठवड्यात माणूस घरी. मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं नळी टोचली. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, तरी पोटाची कुठलीही चांगली बातमी कानावर आली की ती आधी तुम्हाला सांगावीशी वाटते. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

आपला धाराशिवचा दवाखाना आठवतो का? कागदोपत्री उस्मानाबाद, पण बैलगाडीतून येणारा प्रत्येकजण धाराशिवच म्हणायचा. तीन खोल्या, एक ओसरी, दारात चार दगडी पायऱ्या आणि अंगणात कडू लिंबाचं झाड. तुम्ही हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरकी शिकलेले आणि मराठी वॉर्डातल्या खाटांवर शिकलेले, त्यामुळं तुमच्या मराठीत दुखणी भरपूर आणि बाकीचे शब्द कमी. मी लोहाऱ्याच्या मास्तरांची मुलगी, बाविशीतली, नर्सिंग जे काही आलं ते तुमच्या ओरडण्यातून आलं. फुटलेल्या अल्सरचा माणूस गाडीत गुडघे पोटाशी घेऊन यायचा. अचानक सुरा खुपसल्यासारखी कळ आली म्हणायचा. तोवर घरच्यांनी बेंबीभोवती बिब्ब्याचे चटके दिलेले असत आणि वरून एरंडेल पाजलेलं असे. तुम्ही नुसता तळहात ठेवायचात. पोट लाकडाच्या फळीसारखं लागलं की एकच शब्द, “टेबल.” मी फडक्यावर ईथरचे थेंब टाकते आहे, तुम्ही छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत सरळ रेघ ओढता आहात, आत सगळीकडं खाल्लेलं पसरलेलं आहे, तुम्ही ते पुसून काढता, ज्वारीच्या दाण्याएवढं भोक शोधता, तीन टाके घालता आणि आतड्यांवर लोंबणारा चरबीचा पदर ओढून त्यावर ठिगळासारखा बसवता. अजून डोळे मिटले की तुमची बोटं दिसतात.

तुमचं काम तासाभराचं, पण पुढचे दिवस माझे आणि वॉर्डातल्या आयामावशीचे. रोग्याला उशांवर टेकवून बसतं ठेवायचं, आणि तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. तहानेल्या माणसाला पाणी नाकारणं म्हणजे आपल्याकडं पापाची कमाल. बायका पदराखालून तांब्या आणायच्या, रोग्यांच्या आया आम्हाला शिव्या द्यायच्या. मावशी परंड्याकडची, धिप्पाड, ती खाटेशी पाय पसरून बसायची आणि तिच्यावरून ओलांडून जायची कुणाची छाती नव्हती. मी ओल्या कापसाने ओठ पुसायचे. काहीजण गेले, ते तुम्ही कधी लपवलं नाही. पण बरेच उठले, चालले, गाडीत बसून घरी गेले.

आणि तिथंच घोडं अडलं. दवाखान्याच्या उर्दू रजिस्टरात शेवटचा रकाना होता ‘नतीजा’. तुमचा कटाक्ष असा की टाके काढले म्हणजे माणूस बरा झाला असं लिहायचं नाही, तीन महिन्यांनी तो परत येईल, त्याचं पोट बघू, मग लिहू. प्रत्येकाला तुम्ही बजावून सांगायचात आणि एकही परत यायचा नाही. रकाने कोरे राहिले. मग हैदराबादहून हुकूम आला की पोटाच्या शस्त्रक्रियांचा नतीजा कळत नाही, सबब या दवाखान्यात त्या बंद कराव्यात, रोगी सोलापूरला पाठवावेत. वैशाखात मोठे साहेब तपासणीला येणार आणि हुकूम कायम करणार. त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर टोपी टेबलावर आपटलीत. सोलापूर म्हणजे बैलगाडीनं दिवसरात्रीची वाट, मध्ये निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, तिथं गाडी खोळंबणार. फुटलेलं पोट एवढा वेळ थांबत नाही. हुकूम कायम झाला तर यापुढं गुडघे पोटाशी घेऊन येणारा प्रत्येक माणूस वाटेत मरणार, हे तुम्हाला कळत होतं आणि मलाही.

दुसऱ्याच दिवशी एक भूमचा माणूस घरी निघाला. मी नेहमीप्रमाणं त्याच्या बायकोच्या हातात औषधाची पुडी दिली आणि नेहमीप्रमाणं म्हटलं, “सुखानं राहा, पुन्हा या दवाखान्याची पायरी चढू नका.” तुम्ही मागंच उभे होतात. असं किती जणांना म्हणालात, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, सगळ्यांना, असंच म्हणतात आमच्यात. दवाखान्यातून निघणाऱ्याला ‘या’ म्हणणं म्हणजे आजार मागं लावून देणं. तुमचा चेहरा लाल झाला. “बाई, तुम्ही दुआ देता की बंदी घालता?” एवढंच बोललात आणि आत गेलात. मी ओसरीवर उभी राहून रडले. दोन वर्षं मी माझ्या तोंडानं तुमचे नतीजे हाकलून दिले होते, तेही मनापासून आशीर्वाद देऊन.

मावशीनं मला रडू दिलं आणि मग तंबाखू मळत म्हणाली, “बाई, आजार सरल्यावर मानूस दवाखान्यात कशापायी यील? ते देवाकडं जातंय. चैतात सोनारीला चला, समदे घावतील.” तुमचा विश्वास बसला नाही, पण रजा दिलीत. सर्व्हिस मोटारीनं परंडा, तिथून बैलगाडी. काळभैरवाची जत्रा भरलेली, चांगभल्याचा गजर, गुलाल, माकडं हातातलं खोबरं पळवताहेत. नवस फेडणारे गडी ओलेत्यानं, उघड्या अंगानं दंडवत घालत येतात. आडवं व्हायचं, उठायचं, पुढं सरकायचं, पुन्हा आडवं व्हायचं. मी वाटेच्या कडेला उभी राहिले आणि उठणाऱ्या प्रत्येकाचं पोट निरखायला लागले. दोन बायकांनी मला बरंच काही ऐकवलं. मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. आणि मग एकजण उठला, आणि त्याच्या छातीपासून बेंबीपर्यंत ती सरळ रेघ होती, तिच्या दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके, गुलालात आणखी उठून दिसणारे. आपला धनगर, आदल्या साली तुम्ही टाके घातलेला. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की तो देवाचं नाव विसरला. तो खाली वाकून माझ्या पायाला हात लावतो आहे, मी त्याचं पोट दाबून बघते आहे आणि लोक बघताहेत. तुम्हाला काय सांगू, माझ्या आयुष्यात तेवढी श्रीमंत मी पुन्हा कधी झाले नाही. त्या दोन दिवसांत एकामागून एक सापडत गेले.

वैशाखात दवाखान्यात या म्हटल्यावर मात्र धनगर मागं सरला. “तुमीच म्हनला हुता, पुन्यांदा पायरी चढू नगा. तुमचा सबूद म्या मोडनार न्हाय.” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी म्हटलं, पायरी चढूच नका, अंगणात लिंबाखाली उभे राहा. ते त्यांना पटलं.

साहेबांची मोटार आली तो दिवस अजून डोळ्यांपुढं उभा आहे. त्यांनी रजिस्टर उघडलं, कोऱ्या रकान्यांवरून बोट फिरवलं आणि तुम्ही काही बोलायच्या आत, अंदाजावर माणसं कापता येत नाहीत, असं म्हणाले. मी मध्ये बोलले. तसं बोलायची माझी पायरी नव्हती, पण म्हटलं, नतीजे अंगणात उभे आहेत, वर येणार नाहीत, आपल्याला खाली यावं लागेल. ते आले. चार पायऱ्या उतरून, बूट वाजवत. लिंबाखाली सातजण ओळीत उभे होते, पटके बांधलेले, आणि मी खूण करताच सगळ्यांनी एकदम बंड्या वर केल्या. सात रेघा. साहेबांनी एकेकाचं पोट दाबलं, खोकायला लावलं, वाकायला लावलं. धनगराला विचारलं, खातोस काय? तो म्हणाला, “सकाळी दोन भाकरी, सांजच्याला दोन. मधी कुनी दिली तर न्हाय म्हनत न्हाय.” साहेबांच्या मिशा हलल्या. त्यांनी तिथंच, अंगणात, रजिस्टर धनगराच्या पाठीवर टेकवून सात रकाने स्वतःच्या हातानं भरले आणि हुकूम खिशात घातला. तो पुन्हा बाहेर आला नाही. पुढच्या आठवड्यात बेंबळीचा एक माणूस गाडीतून आला, पोट फळीसारखं, आणि तुम्ही म्हणालात, “टेबल.” तो शब्द ऐकताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

साहेब गेल्यावर तुम्ही शाबासकी दिली नाहीत, ती तुम्हाला देता यायची नाही. रजिस्टर माझ्यापुढं सरकवलंत आणि म्हणालात, आजपासून हा रकाना तुम्ही भरायचा, मराठीत. सगळ्या उर्दू रजिस्टरात माझं एकटीचं मराठी. तेवढं मोठं बक्षीस मला नंतर मेट्रन झाले तेव्हाही मिळालं नाही. मी दौतीत टाक बुडवला, तेव्हा तुम्ही विचारलंत, तो कळंबचा मापाडी कसा आहे, तो का आला नाही? अडत बाजारात धान्य मोजणारा तो उंच माणूस, टाके काढताना तुम्हाला विनोद सांगणारा. तुम्ही इतके खुशीत होतात. मी म्हटलं, मजेत आहे, जाड झालाय, अडतीवर सुगीचा माल आलाय म्हणून यायला जमलं नाही. आणि त्याच्या रकान्यात लिहिलं, ‘बरा’.

तो गेला होता, डॉक्टरसाहेब. सोनारीला त्याची बायको एकटीच दंडवत घालत होती. म्हणाली, “कापाकापीतून उठू दे म्हनून मागितलं हुतं, उठला त्यो. वरीसभर माज्या हातची भाकर खाल्ली. मग तापानं गेला, त्येला कोन काय करनार. पन डॉक्टरसायबाला सांगा, पोट शेवटपतुर दुकलं न्हाय.” तो निरोप मी तुम्हाला दिला नाही. पुढं तुमची बदली झाली, मोटारीत बसताना तुम्ही म्हणालात, कळंबला गेलात तर मापाड्याला माझा सलाम सांगा. मी मान हलवली.

हा कागद पाठवायला पत्ता नाही. घडी घालून ठेवून देईन. एवढंच सांगायचं होतं की तुमच्या बदलीनंतरच्या दिवाळीला मी कळंबला गेले आणि तुमचा सलाम त्याच्या बायकोला सांगितला. तिनं डोक्यावरून पदर घेतला, दारातल्या रिकाम्या बाजेकडं बघितलं आणि म्हणाली, “पोचला म्हनावं.”